बिनपडद्याचा कॉम्प्युटर

संध्याकाळ झाली की अण्णा घरातले सगळे दिवे लावत. पुढच्या खोलीतला, स्वयंपाकघरातला, जिन्यावरचा, परसातला पिवळा बल्बसुद्धा. भिंतीवरून हात फिरवत जायचं आणि बटणं दाबायची. त्यांना स्वतःला त्यातला एकही दिवा दिसत नव्हता. काचबिंदूनं दोन्ही डोळे पूर्ण गेले होते. बेळगावच्या शहापूर भागातल्या त्यांच्या घरात वरच्या खोलीत मी भाड्यानं राहायला गेलो आणि पहिल्याच आठवड्यात विचारून बसलो, की अण्णा, तुम्हाला दिवे कशाला लागतात. ते म्हणाले, "येणाऱ्याला मी दिसाय नको व्हय?"

बेळगावच्या दिवाणी कोर्टात त्यांनी जन्मभर वकिली केली होती. बहुतेक दावे जमिनीचे, बांधाचे, भावाभावांतल्या वाटणीचे. डोळ्यांबद्दल कोणी हळहळायला लागलं की ते एका वाक्यात विषय मिटवत: खाली हरलो, वर हरलो, आता अपील नाही. त्यावर पुढं बोलायची सोय नसे.

मला खोली देण्याआधी त्यांनी माझी रीतसर उलटतपासणी घेतली. मी खानापूर तालुक्यातल्या खेड्यातला, बेळगावात एका खासगी कॉलेजच्या ऑफिसात नोकरीला. एवढं सांगून सुटका होईल असं मला वाटलं होतं. पण गावात शिरताना विहीर डाव्या हाताला लागते की उजव्या, आमच्या शेताच्या वरच्या अंगाला कोणाचं शेत, ते पूर्वी कोणाचं होतं, इथपर्यंत त्यांनी मला नेलं. शेवटच्या प्रश्नावर मी म्हणालो, अमक्याचं होतं असं ऐकलंय. झालं. "ऐकलंस की बघितलंस?" हा त्यांचा ठरलेला सवाल. ऐकीव गोष्ट त्यांना पुरावा म्हणून चालत नसे. दिवसभर स्वतः ऐकण्यावरच जगायचे, तरी चालत नसे. खोली मिळाली ती काकूंमुळं, म्हणजे त्यांच्या बायकोमुळं. आतून त्यांचा आवाज आला की पोराला उन्हात किती वेळ उभं करणार, आणि प्रकरण निकालात निघालं.

रस्त्यात कोणी हात धरून नेलेलं अण्णांना खपत नसे. ते आपणच दुसऱ्याचं कोपर धरत आणि अर्धं पाऊल मागून चालत. तू मला धरलंस तर मी सामान झालो, मी तुला धरलं तर मी माणूस, असं त्यांचं म्हणणं. मीही मग कोपर पुढं करायला शिकलो. बाजारात ते भेंडीचं टोक मोडून कानाशी नेत आणि नीट मोडली नाही तर बाईला सांगत, ही कालची हाय. डोक्यावरून विमान गेलं की सांबऱ्याच्या विमानतळावर उतरणारं कुठलं आणि आज किती उशीर झालाय हे ते सांगत, आणि आजूबाजूची डोळस माणसं मान वर करून बघत. भाजीवाल्या त्यांना मनातून भीत असाव्यात.

पुढच्या खोलीत खिडकीपाशी टेबलावर त्यांचा कॉम्प्युटर होता. खडेबाजारातल्या एका दुकानातून जोडून घेतलेला, उभा पत्र्याचा डबा, बराच जुना. त्याला पडदा नव्हता. मॉनिटरच्या जागी बडीशेपेची डबी आणि पाण्याचा तांब्या. आंधळ्या माणसाला पडद्याचं काय काम, नुसती टेबलावरची जागा अडते, म्हणून तो काढून टाकायला लावलेला. पडद्यावर जे येईल ते वाचून दाखवणारा एक प्रोग्रॅम त्यात होता. बाईचा आवाज. कळ दाबली की ती बोलायची आणि अण्णा ऐकायचे, तेही इतक्या वेगानं की दुसऱ्याला एक शब्द कळू नये. मला ते डाळ निवडताना सुपातून येतो तसल्या आवाजासारखं वाटे.

सकाळी मराठी पेपर, दुपारी कन्नड पेपर. दोन्ही वाचल्याशिवाय इथल्या माणसाला पाऊस किती पडला तेसुद्धा कळत नाही, असं ते म्हणत. मग दोन्ही संपादकांना पत्रं लिहीत, की तुम्ही अर्धंच छापलंय. बाईचं कन्नड आपल्यापेक्षा बरं आहे, मराठी मात्र कुठल्याच गावची नाही, असा त्यांचा निर्वाळा होता.

ही बाई यायच्या आधी काकू वाचत. डोळे गेल्यावर कितीतरी वर्षं त्याच त्यांचा पेपर, पत्रं, कोर्टाचे जुने निकाल वाचून दाखवत होत्या. काकू निपाणीच्या. मराठी शाळेत शिकलेल्या, कन्नड अक्षरं जुळवत वाचायच्या, आणि अण्णा दर ओळीला अडवायचे. असं न्हाई, तसं. परत वाच. पुढं वाच. काकूंचा सगळा दिवस त्यात जायचा. कॉम्प्युटर आला आणि त्या सुटल्या. भजनी मंडळात जायला लागल्या, निपाणीला बहिणीकडं चार दिवस राहायला लागल्या. खंडेनवमीला विळी आणि खलबत्त्याच्या आधी त्या कॉम्प्युटरला हळदकुंकू लावत आणि झेंडूची माळ घालत. त्या बाईनं मला सोडवलं, असं त्यांनी मला एकदा कपडे वाळत घालता घालता सांगितलं होतं.

तर त्या कॉम्प्युटरचा आवाज गेला.

आधी तो नुसता मंद झाला होता. अण्णांनी तो रिक्षात घालून दुकानात नेला. दुकानदारानं हार्डडिस्क बदलली, विंडोज नवीन घातली, अण्णांनी सांगितलेला वाचायचा प्रोग्रॅम आठवणीनं घातला आणि परत पाठवला. घरी आणून सुरू केला तर मुका. अण्णा म्हणाले मेलाय. परत रिक्षा, परत दुकान. दुकानदार म्हणाला चालू आहे की. परत घरी. परत मेला. असे हेलपाटे झाले आणि दोघंही एकमेकांना खोटारडे ठरवून बसले. खरं म्हणजे दोघंही खरंच बोलत होते. दुकानात पडदा होता आणि स्पीकर कोणी जोडलाच नव्हता. म्हाताऱ्या वकिलाला कुठं गाणी ऐकायचीत, असा त्यांनी विचार केला असणार. इकडं अण्णांच्या घरी स्पीकर होता आणि पडदा नव्हता. बिचारी बाई आत बोलत होती आणि कुणालाच ऐकू येत नव्हती.

नेमक्या त्याच दिवसांत निपाणीहून फोन आला. काकूंच्या बहिणीच्या गुडघ्याचं ऑपरेशन ठरलं होतं. तिला दुसरं कोणी नव्हतं. काकूंनी महिनाभर येऊन राहावं असा निरोप. बंगळूरला असणारा त्यांचा मुलगा म्हणाला, अण्णांना महिनाभर इकडं पाठवा आणि नवीन लॅपटॉप घेऊन देतो. अण्णांनी दोन्हीला नकार दिला. बंगळूरला शेजारी कोण ते कळत नाही, आणि लॅपटॉपची बटणं सपाट, बोटाला काही सांगत नाहीत. मोबाइल तर त्यांनी हातात घेऊन बघितला होता. नुसती काच, बोट ठेवायचं कुठं?

काकू जिन्याशी येऊन माझ्याशी बोलल्या. स्वयंपाकाला शेजारची बाई येणार होती, त्याची त्यांना काळजी नव्हती. काळजी दुसरीच.

"मी परत वाचाय बसणार न्हाई रं," त्या म्हणाल्या. "आणि दिवसभर भिंतीकडं तोंड करून बसलेल्या माणसाला टाकून जायलाबी मन होत न्हाई. कायतरी कर."

मी ऑफिसात कॉम्प्युटरवर बसणारा माणूस, म्हणून लोकांना वाटतं की याला आतलं सगळं कळतं. मला काही कळत नव्हतं. पण काकू जेवायला घालणाऱ्या होत्या.

पहिली अडचण पडद्याची. ऑफिसातला एखादा मॉनिटर मागून आणतो म्हणालो. तेव्हा काकू मला आत घेऊन गेल्या आणि त्यांनी माळ्यावर चढायला सांगितलं. तिथं जुन्या लुगड्यात गुंडाळलेला अण्णांचाच मॉनिटर होता. अण्णांनी तो भंगारात घालायला सांगितला होता. काकूंनी घातला नव्हता.

अण्णांना हे कळलं तेव्हा ते ताठ बसले. माझ्या घरात, माझ्या नकळत, एवढी वर्षं? काकू शांतपणे म्हणाल्या, "तुम्हाला दिसत न्हाई ह्यात माझा काय दोष?" अण्णा हसले. असलं त्यांना आवडायचं.

मॉनिटर जोडल्यावर दुखणं दिसलं. यंत्रातल्या भागांच्या यादीत आवाजाच्या नावापुढं पिवळं उद्गारचिन्ह होतं. ड्रायव्हर नाही. अण्णांना मी समजावलं, की विंडोजला आवाजाच्या भागाशी बोलायचं तर मधे एक छोटा प्रोग्रॅम लागतो, तो घातलेलाच नाही.

"म्हंजे दुभाषा," अण्णा म्हणाले. "जज्जसाहेब कन्नड, साक्षीदार मराठी. मधे दुभाषा नसला की दोघंबी गप."

याहून चांगलं मला सांगता आलं नसतं. कॉम्प्युटर घेतला तेव्हा ड्रायव्हरची सीडी मिळाली होती, ती कुठं आहे, असं मी विचारलं. काकूंनी खिडकीतून परसाकडं बोट दाखवलं. पेरूच्या झाडाला घरातल्या सगळ्या सीड्या दोऱ्यानं टांगलेल्या होत्या. उन्हात चमकल्या की पोपट येत नाहीत. बेळगावच्या अर्ध्या परसांत तेच चालतं. मी त्यातली आमची शोधून काढली. उन्हापावसानं तिची पाठ सोलवटली होती आणि पलीकडचं आभाळ दिसत होतं.

अण्णांनी काय झालं ते विचारलं. मी सांगितलं.

"पुरावा झाडाला टांगलास," ते आतल्या दिशेनं म्हणाले.

"पेरू गोड लागत होते तवा?" आतून आलं.

मग माझा इंटरनेटवरचा शोध सुरू झाला. जुन्या कॉम्प्युटरचा साउंड ड्रायव्हर शोधायला बसलं की काय काय समोर येतं हे ज्यानं भोगलंय त्यालाच ठाऊक. मोठमोठी हिरवी बटणं. दाबलं की ड्रायव्हर सोडून सगळं उतरतं. एका साइटनं सांगितलं की आमचा प्रोग्रॅम घ्या, तो तुमचे सगळे ड्रायव्हर आपोआप शोधील. घेतला. त्यानं कॉम्प्युटरला नाना रोग झालेत असं जाहीर केलं, मला न विचारता कोपऱ्यात हवामान दाखवायला लागला आणि आवाजाचं नाव काढलं नाही. दुकानदाराला फोन केला. तो म्हणाला, आतल्या सगळ्या मदरबोर्डांना एकच चालतो, अमुक घाला. तो घातला. यंत्र म्हणालं असला भाग इथं नाहीच.

हे सगळं चालू असताना अण्णा शेजारी खुर्ची ओढून बसलेले असत आणि मी काय करतोय ते मोठ्यानं सांगायची मला सक्ती होती. ही साइट ज्यानं बोर्ड बनवला त्याची आहे का? नाही. मग हे कोण? माहीत नाही. मग त्याचं का ऐकतोस? मी वैतागलो होतो. दिवसभर ऑफिस करून वर ही साक्ष. काकूंचा निघायचा दिवस जवळ येत चालला होता आणि त्यांनी पिशवी अजून काढली नव्हती. ते बघितलं की माझा वैताग माझ्यावरच उलटे.

"तू दुभाषा कुठला आणूलालायस?" एका संध्याकाळी अण्णा म्हणाले. "साक्षीदाराची भाषा कुठली ते आधी बघ की. त्याला नाव विचारलंस का?"

मी म्हणालो, दुकानदारानं सांगितलंय. म्हणालो आणि जीभ चावली. अपेक्षेप्रमाणे सवाल आला.

मग आम्ही डबा उघडला. आत धूळ, आणि एका कोपऱ्यात कोळ्याचं जाळं. अण्णांनी काकूंचा समई साफ करायचा मऊ ब्रश मागून घेतला आणि बोटांनी वाट काढत हळूहळू सगळा बोर्ड झाडला, एकाही वायरीला धक्का न लावता. मोबाइलच्या उजेडात, दोन खाचांच्या मधे, बोर्डाचं नाव आणि पुढं कुठली आवृत्ती ते छापलेलं दिसलं. मी ते वाचलं. त्यांनी परत वाचायला लावलं. मग आणखी एकदा, अक्षर अक्षर सुटं करून. काकू किती वर्षं हे सोसत होत्या ते मला तेव्हा कळलं.

ज्यानं बोर्ड बनवला त्याच्या साइटवर गेलो. जुन्या मालाची वेगळी अडगळ असते तिथं, तीत आमचा बोर्ड होता. त्यातही आवृत्त्या निराळ्या, आणि दर आवृत्तीला दर विंडोजचा ड्रायव्हर निराळा. एक चुकला, तो काढला. दुसरा उतरवला, घातला, यंत्र बंद करून सुरू केलं. पिवळं चिन्ह गेलं होतं. खालच्या कोपऱ्यातल्या कर्ण्याच्या चित्रावरची लाल फुली गेली होती. वाचायचा प्रोग्रॅम सुरू झाला. आवाजाची हिरवी पट्टी पडद्यावर वरखाली नाचत होती, म्हणजे बाई बोलत होती.

खोलीत मात्र काहीच ऐकू येत नव्हतं.

मी कपाळाला हात लावला. अण्णांचा चेहरा उतरला. त्यांनी टेबलाखाली हात घातला, स्पीकरची वायर बोटांत धरली आणि तिच्या मागं मागं भिंतीपर्यंत गेले. वायर भिंतीशी लोंबकळत होती. काकूंनी स्पीकरची पिन काढून त्या जागी मोबाइल चार्जिंगला लावला होता. प्रवासाला निघायचं तर बॅटरी भरलेली हवी, म्हणून.

पिन लावली आणि ती बोलली. नव्या मांडणीत तिचा वेग अजून वाढवलेला नव्हता, त्यामुळं मला प्रथमच तिचं बोलणं कळत होतं. अण्णांनी कळा दाबून मराठी पेपर उघडला. पहिल्या पानापासून ती वाचत गेली. पाणी, रस्ते, बाजारभाव, निधनवार्ता. काकू हात पुसत दारात येऊन उभ्या राहिल्या. कधी नव्हे ते त्यांनाही सगळं समजत होतं.

"झ्याक वाचतीय की," त्या म्हणाल्या. "आता जाते मी उद्या."

"जा की," अण्णा म्हणाले. मग थोडं थांबून, तिचा आवाज चालू असतानाच, "वाचतीय. पण थांबत न्हाई."

काकूंनी विचारलं, कशाला थांबायचं?

"तू थांबायचीस. मेलेल्या माणसांच्या बातम्या आल्या की, ओळखीचं कोण असलं की थांबायचीस. हिला कायबी सारखंच. माणूस गेला, टोमॅटो उतरला, सगळं एका सुरात."

"तवा तर ओरडायचा माझ्यावर. पुढं वाच म्हणून."

"ओरडायचो." अण्णांनी कळ दाबून बाईला गप्प केलं. "तू थांबलीस की मला रडू यायचं. म्हणून ओरडायचो."

मला तिथं उभं राहणं अवघड झालं. डब्याचे स्क्रू लावायचे राहिले होते, ते मी खाली बसून लावत राहिलो.

"मग आधी सांगायचं," काकू म्हणाल्या.

"आता सांगितलं की."

काकूंनी पदरानं डोळे पुसले. अण्णांना ते दिसलं नाही आणि मीही सांगितलं नाही. मग त्या आत गेल्या आणि पिशवी भरायला लागल्या. दुसऱ्या दिवशी सकाळच्या बसनं निपाणीला गेल्या. अण्णा माझं कोपर धरून त्यांना स्टँडवर पोचवायला आले होते. बस शहराबाहेर काकतीच्या रस्त्याला लागली असेल तोवर ते तिथंच उभे होते. मी परत चला म्हणालो तेव्हा हलले. काकू महिन्यासाठी गेल्या होत्या, पूर्ण महिना राहिल्या. मला याचा आनंद झाला, आणि अण्णांनाही झाला असावा, कारण रोज फोनवर ते सांगत, तू सावकाश ये, इथं काही अडलेलं नाही.

बाईचा वेग त्यांनी लगेच पूर्वीसारखा वाढवून घेतला. सकाळी जिन्यावरून मला परत तीच सरसर ऐकू यायला लागली. एके दिवशी मी ऑफिसला निघालो होतो आणि ती अर्ध्यातच बंद पडली. ड्रायव्हर गेला, आता परत ते सगळं करायचं आलं, असं मनात म्हणत मी धावतच खाली आलो. अण्णा टेबलाशी बसले होते. एक बोट कळेवर होतं.

मी विचारलं, आवाज परत गेला का?

"न्हाई, आवाज हाय," ते म्हणाले. "कडोलीचे एक मास्तर गेले. आमच्या एका दाव्यात साक्षीदार होते. खरं बोलले होते. मीच थांबवलीय तिला."

मला उशीर होत होता. मी पिशवी खाली ठेवली आणि त्यांच्याजवळ बसलो. थोड्या वेळानं त्यांनी कळ दाबली आणि ती पुढं वाचायला लागली.